वाचकांचे प्रश्न : घास छातीत अडतो, पोट न फाडता इलाज होतो का?

प्रश्न : माझे मिस्टर ३४ वर्षांचे, तासगावात बेदाण्याच्या अडतीवर दिवाणजी आहेत. दोन वर्षं झाली, घास छातीत अडतो, कधीकधी पाणीसुद्धा परत येतं. जेवताना मध्येच उभे राहतात, वर तांब्याभर पाणी पितात. रात्री ठसका लागून उठतात, उशीवर भाताची शितं सापडतात. वजन ७१ वरून ५८ वर आलं. आधी ॲसिडिटीच्या गोळ्या झाल्या, मग 'टेन्शन आहे' म्हणून मनाच्या. आता मिरजेत तपासण्या होऊन 'अकॅलेशिया, टाइप २' निघालं. एक डॉक्टर 'पोएम' करा म्हणतात, दुसरे म्हणतात फुग्यानं होईल. सासूबाई म्हणतात, पोट न फाडता ऑपरेशन कसलं? रिपोर्टचे फोटो सोबत पाठवते. — सौ. र., तासगाव

उत्तर : ताई, मिस्टरांना एक विचारा : रात्री वर येतं ते आंबट-कडू लागतं, की जेवलेल्या भाताच्याच चवीचं? बहुतेक भाताच्याच चवीचं असणार, कारण तो भात जठरात पोचलेलाच नाही. तासन्‌तास अन्ननलिकेतच पडून होता. शिवाय भाकरीही अडते आणि पाणीही. एवढं नीट विचारलं असतं तर ॲसिडिटीच्या गोळ्यांत इतका काळ गेला नसता. पण हा आजार लाखात वर्षाला एखाद्याला होतो, म्हणून तो चटकन कुणाच्या डोक्यात येत नाही.

अन्ननलिकेच्या तळाशी स्नायूंची झडप असते. घास आला की ती सैल पडते. ती सैल करणाऱ्या मज्जापेशी तुमच्या मिस्टरांच्या बाबतीत निकामी झाल्यात, यालाच अकॅलेशिया म्हणतात. यात टेन्शनचा काही संबंध नाही, हे घरात सगळ्यांना सांगा. बेरियम म्हणजे एक्स-रेत पांढरं दिसणारं औषध. तुम्ही पाठवलेल्या, ते पाजल्यावर पाच मिनिटांनंतरच्या फिल्ममध्येही औषध तसंच साचलेलं दिसतंय आणि खालचं टोक पक्ष्याच्या चोचीसारखं निमुळतं झालंय. मॅनोमेट्रीत, म्हणजे नाकातून नळी घालून अन्ननलिकेतला दाब मोजतात त्या तपासणीत, गिळताना झडपेचा दाब साधारण १५ च्या आत यायला हवा, यांचा २९ वरच अडलाय. निदान पक्कं आहे.

आता सासूबाईंचा प्रश्न. झडपेचा स्नायू कापायचं ऑपरेशन जर्मनीत हेलर नावाच्या सर्जननं १९१३ मध्ये केलं. पुढे ते पोटाला छोटी छिद्रं पाडून दुर्बिणीतून होऊ लागलं. जपानमध्ये योकोहामाच्या डॉ. इनोउए यांनी २००८ मध्ये तोच स्नायू तोंडातून एंडोस्कोप (कॅमेरा असलेली लवचिक नळी) घालून आतूनच कापला, तेच हे पोएम. अन्ननलिकेच्या आतल्या अस्तराला छोटा छेद देतात आणि अस्तर व स्नायू यांच्यामधून बोगदा करत जठरात दोन-तीन सेंटीमीटर उतरतात. मग स्नायू कापून छेदाचं तोंड क्लिपांनी बंद करतात. क्लिपा पुढे आपोआप गळून शौचावाटे जातात. बाहेर एकही टाका नसतो, पण पूर्ण भूल लागते. तेव्हा ऑपरेशन ते ऑपरेशनच, एवढं सासूबाईंचं मान्य.

फुगा की पोएम? टाइप २ ला, म्हणजे अकॅलेशियाच्या तीन प्रकारांतल्या दुसऱ्या प्रकाराला, दोन्ही उपाय मानवतात. फुगा म्हणजे ३० किंवा ३५ मिलिमीटरचा, दाबानं स्नायू ताणून फाडणारा. तो बरेचदा पुन्हा करावा लागतो, आणि चाळिशीच्या आतल्या पुरुषांत त्याचा गुण कमी टिकतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतल्या रुग्णांवर केलेल्या चाचणीत दोन वर्षांनी पोएमचे ९२ टक्के रुग्ण बरे होते, फुग्याचे ५४ टक्के. मिस्टरांचं वय बघता मी पोएमच्या बाजूनं आहे.

मात्र त्याच चाचणीतला दुसरा आकडाही ऐका. पोएमनंतर ४१ टक्के रुग्णांच्या अन्ननलिकेला ॲसिडनं सूज आली होती, फुग्यानंतर ७ टक्क्यांच्या. झडप कापली की ती उघडीच राहणार! गंमत बघा, ज्या गोळ्या मिस्टरांनी उगाच घेतल्या, त्याच पोएमनंतर खरोखर लागतील, कदाचित कायमच्या. हेलरच्या ऑपरेशनात सर्जन जठराची घडी झडपेभोवती घालून याला थोडा आळा घालतात. छातीत जळजळ झाली नाही तरी डॉक्टर सांगतील तेव्हा एंडोस्कोपी करून घ्यायची.

डॉक्टरांना बिनधास्त विचारा : तुम्ही स्वतः किती पोएम केलीत? गरज पडली तर सर्जन त्याच इमारतीत आहे का? उत्तर देताना कुणी चिडला तर दुसरीकडे जा.

आधीचे दोन दिवस फक्त पातळ पदार्थ द्या. ऑपरेशनच्या सकाळी 'पोटाला आधार' म्हणून पेज देऊ नका, पाण्याचा घोटही नको. अन्ननलिकेत साचलेलं भूल देताना फुप्फुसात गेलं तर जिवावर बेतेल. रात्रीच्या ठसक्याबद्दल भूलतज्ज्ञांना तुम्ही स्वतःहून सांगा. दुसऱ्या दिवशी औषध पाजून गळती नाही ना ते बघतात, मग पातळ, मग मऊ भात, आणि सगळं ठीक असेल तर दोन-तीन दिवसांत घरी. मेलेल्या पेशी मात्र परत येत नाहीत. बसूनच जेवायचं, नीट चावायचं, जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवायचे, हे पुढेही आहेच.

प्रश्न : वडील ६३ वर्षांचे, तंबाखूची सवय. तीन महिन्यांपूर्वी भाकरी अडू लागली, आता मऊ भातही अडतो. वजन झपाट्यानं उतरलं. त्यांचं पोएम करून घ्यावं का? — लातूरहून एक मुलगा

उत्तर : नाही. आधी एंडोस्कोपी, आणि तीही याच आठवड्यात. आधी घट्ट मग मऊ अशा क्रमानं, तीन महिन्यांत, या वयात आणि तंबाखूसोबत अडत असेल तर कॅन्सर नाही ना, हे बघणं पहिलं काम. झडपेजवळची गाठ कधीकधी अकॅलेशियासारखीच दिसते, म्हणून शंकास्पद जागेचा तुकडा तपासायला पाठवायला सांगा. काढ्यात महिना घालवू नका.