सर्बियात जेवायला जाताय? आधी ‘पोस्नो’ शिका!

(सर्बियातल्या खाण्यापिण्याबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न)

प्रश्न : ताई, मुलगा नोकरीसाठी बेलग्रेडला असतो, मार्चमध्ये आम्ही दोघं दीड महिना त्याच्याकडे जाणार आहोत. मी अंडंसुद्धा खात नाही. तो दिवसभर ऑफिसात, मग बाहेर खायचं झालं तर बोलायचं काय? — एक वाचक, नाशिक

काकू, ‘व्हेजिटेरियन’ म्हणून बघा, बेलग्रेडमध्ये कळतं, पण छोट्या गावातल्या हॉटेलात वेटर कधीकधी चिकन सुचवतो, कारण तिकडे ‘मेसो’ (मांस) म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यासमोर डुकराचं नाहीतर बीफच येतं. त्यापेक्षा कामाचा शब्द म्हणजे पोस्नो. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांच्या उपासाला चालणारं ते पोस्नो, म्हणजे मांस नाही, अंडं नाही, दूध-चीजही नाही. बुधवार-शुक्रवार, 28 नोव्हेंबरपासून त्यांच्या 7 जानेवारीच्या ख्रिसमसपर्यंत आणि ईस्टरच्या आधी असे उपास असतात, आणि तुमचा मुक्काम नेमका ईस्टरच्या उपासातच येतोय, नशीबवान आहात! सगळेच काही उपास धरत नाहीत, पण बेकऱ्यांत आणि हॉटेलांत पोस्नो पदार्थ दिसायला लागतात. विचारायचं, “इमा लि नेश्तो पोस्नो?” पोस्नो काही आहे का.

पण थांबा, एक मोठी गोम आहे, उपासाच्या काही दिवशी त्यांना मासे चालतात. त्यामुळे पोस्नो म्हणून समोर मासा येऊ शकतो, तेव्हा लगेच जोडून टाका, “बेझ रिबे”, माशाशिवाय. एरवीसाठी हे वाक्य घोकून ठेवा : “या ने येदेम मेसो, नि रिबु, नि याया”, मी मांस, मासे, अंडी खात नाही. आणि ताट समोर आल्यावर शंका वाटली तर “इमा लि उ ओवोमे मेसा?”, यात मांस आहे का.

मागवायचं काय? प्रेब्रानाच (शेवटचा च आपल्या ‘चमच्या’तला), म्हणजे पांढऱ्या राजम्यासारखे दाणे भरपूर कांदा घालून भट्टीत भाजलेले, बहुतेक ठिकाणी बिनमांसाचे. पासुल्य हाही त्याच दाण्यांचा पातळ प्रकार, पण त्यात स्मोक्ड मांसाचा तुकडा टाकायची पद्धत आहे म्हणून विचारल्याशिवाय चमचा बुडवू नका. सॅलडमध्ये स्र्प्स्का घेतलं तर टोमॅटो, काकडी, कांदा, मिरची; शोप्स्का घेतलं तर वरून किसलेलं पांढरं चीज. भाजलेल्या लाल मिरच्यांचं आय्वार ब्रेडला लावून खा, तिखट नको असेल तर “ने ल्युतो” म्हणा, तसं आपल्या जिभेला त्यातलं तिखट म्हणजे काहीच नाही. गिबानित्सा (पातळ पापुद्र्यांत चीज भरून भाजलेला पदार्थ) मात्र तुमच्यासाठी बाद, चीजबरोबर त्यात अंडी असतात.

आणि सगळ्यात सोपं म्हणजे पेकारा, बेकरी, जवळपास प्रत्येक वस्तीत सापडते. बुरेक (सारण भरलेला पापुद्र्यांचा पदार्थ) दोन्हीचा मिळतो, सा मेसोम म्हणजे मांसाचा, सा सिरोम म्हणजे चीजचा, दोन्ही दिसायला सारखेच, त्यामुळे नुसतं बोट दाखवू नका, शब्द बोला. बटाट्याची हवी असेल तर क्रोम्पिरुशा.

प्रश्न : मेनूकार्ड सिरिलिकमध्ये असलं तर? — पुणे

बऱ्याच ठिकाणी रोमन लिपीतही असतं, सर्बियन दोन्ही लिप्यांत लिहितात. पाटीवर ‘पेक्टोपाह’ असं काहीतरी दिसलं तर ते ‘रेस्तोरान’ आहे, आत जा. रोमनमध्ये इंग्रजी जे दिसला की ‘य’ म्हणायचा, आणि साधा सी म्हणजे चमच्यातला च. मेनूला येलोवनिक म्हणतात.

प्रश्न : तिकडे चहा मिळतो का? — ठाणे

मिळतो, पण ‘चाय’ म्हणालात की बहुधा कॅमोमाइलचा नाहीतर पुदिन्याचा काढा येईल (पुदिन्याला ते नाना म्हणतात, उगाच हसू नका), आणि समोरचा विचारेल बरं नाहीये का, कारण चहा हे तिकडे आजारपणातलं पेय. आपला हवा तर “च्र्नि चाय सा म्लेकोम”, काळा चहा दुधाबरोबर, तरी टपरीची अपेक्षा ठेवू नका. खरं सांगू का, तिथे कॉफीच प्या. दोमाचा काफा लांब दांड्याच्या छोट्या भांड्यात उकळून येते, गाळलेली नसते, गाळ खाली बसू द्यायचा आणि शेवटचा घोट कपातच सोडायचा. बिनसाखरेची गोर्का, मध्यम स्रेद्न्या, गोड स्लात्का.

प्रश्न : ऑफिसची मंडळी जेवायला नेणार आहेत. दारू आणि बिलाचं काय? — एक आयटीवाला, सध्या नोवी साद

भाऊ, जेवणाआधी राकिया (फळांपासून काढलेली दारू) येणारच, बहुतेक प्लमची, म्हणजे श्ल्यिवोवित्सा, जी 2022 मध्ये युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेली. ग्लास भिडवताना समोरच्याच्या डोळ्यात बघून “झिवेली!” म्हणायचं, आणि ती एका दमात रिचवायची नाही, चाखत बसायचं, चांगली कडक असते. पीत नसशील तर “ने पियेम, ह्वाला”, पहिल्यांदा आग्रह होईल, तरी हसत पुन्हा तेच म्हण. जेवण सुरू करताना “प्रियात्नो”. वेटरला टिचकी वाजवून बोलवू नकोस, “इझ्विनिते” म्हण. तो आला की “इझ्वोलिते” म्हणतो, म्हणजे बोला, काय हवंय.

बिलासाठी “राचुन, मोलिम”. तो विचारतो “झायेद्नो इलि ओद्वोयेनो?”, एकत्र की वेगवेगळं. कुणी “या चास्तिम” म्हणाला तर तो पार्टी देतोय, थोडं नाही-नाही करून गप्प बसायचं आणि पुढच्या वेळी आपण काढायचं, मोबाइलवर हिशोब करून वाटे पाडणं तिकडे जरा कोतं दिसतं. टीपला बाक्शिश म्हणतात, म्हणजे आपलं बक्षीसच, साधारण दहा टक्के, आणि शक्यतो रोख दिनारात.

आणि हो, बेलग्रेडला गेलास तर मोठ्या चर्चसमोरच्या जुन्या कफानात (तिकडच्या पारंपरिक खानावळीत) बस, इमारत 1823 ची. 1892 मध्ये मालकानं तिला चर्चचं नाव दिलं, चर्चवाल्यांनी हरकत घेतली, म्हणून त्यानं पाटीवर नुसतं ‘?’ लावलं, ते आजही तेच आहे.

प्रश्न : आम्ही जैन, कांदा-लसूणही नाही. — सांगली

अवघड आहे, खोटा दिलासा देत नाही. “बेझ च्र्नोग इ बेलोग लुका”, म्हणजे कांदा आणि लसूण दोन्हीशिवाय (त्यांच्या भाषेत कांदा काळा लुक, लसूण पांढरा लुक). ग्रिल केलेल्या भाज्या, साधा भात आणि ताजी काकडी-टोमॅटो सांगा, वरचं प्रेब्रानाच विसरा. हे वाक्य हॉटेलच्या रिसेप्शनवर सर्बियनमध्ये लिहून घ्या आणि वेटरऐवजी थेट स्वयंपाकघरात पाठवा.