दंड भरून मोकळे होण्यापूर्वी

आपला १९ वर्षांचा मुलगा टेक्सासमध्ये शिकतो, मित्राच्या घराबाहेर बिअरचा पेला हातात असताना पोलिसाने त्याला हटकले आणि सायटेशन, म्हणजे आरोपाची आणि न्यायालयात हजर राहण्याची लेखी सूचना, दिली, आणि आता ऑनलाइन दंड भरला की विषय संपेल असे तो म्हणतो. तर त्याला तो भरू द्यावा का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर स्पष्ट आहे: तिथल्या वकिलाशी बोलणे होईपर्यंत एक डॉलरही भरू देऊ नका, आणि त्या कागदावरची हजर राहण्याची तारीखही चुकवू देऊ नका, कारण ती चुकली तर अटक वॉरंट निघू शकते.

तो कागद पार्किंगच्या पावतीसारखा दिसतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो. टेक्सासमध्ये अल्पवयीनाने, म्हणजे २१ वर्षांखालील कोणीही, दारू जवळ बाळगणे हा सर्वांत खालच्या वर्गातला असला तरी फौजदारी गुन्हा आहे. पहिल्या वेळी तुरुंगवास नसतो. ५०० डॉलरपर्यंत दंड, दारूविषयक जागृतीचा वर्ग, ८ ते १२ तास समाजसेवा आणि ३० दिवस वाहन परवाना निलंबित, एवढीच शिक्षा असते. मात्र दंड भरणे म्हणजे आरोपाला विरोध नाही असे सांगणे, आणि त्यातून दोषसिद्धीची नोंद होते.

काही वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका विद्यार्थ्यासोबत मी अशाच एका नगर न्यायालयात गेलो होतो. खिडकीवर मिळालेल्या अर्जावर तीन चौकटी होत्या: ‘गिल्टी’ (दोषी), ‘नो कॉन्टेस्ट’ (आरोपाला विरोध नाही) आणि ‘नॉट गिल्टी’ (दोषी नाही). तो मधल्या चौकटीत खूण करणार होता, कारण त्याचा अर्थ ‘माझी काही तक्रार नाही’ असा असावा, असे त्याला वाटले. आम्ही त्याला थांबवले, ‘नॉट गिल्टी’ लिहून पुढची तारीख घेतली आणि वकील गाठला. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे आपल्याकडे म्हणतात, पण या प्रकरणात ती चढण्यातच शहाणपण होते.

स्थानिक मुलांना ‘डिफर्ड’ निकाल मिळतो, म्हणजे ठरावीक काळ अटी पाळल्या की खटला काढून टाकला जातो आणि राज्याच्या लेखी दोषसिद्धी उरत नाही. परदेशी विद्यार्थ्याचे तसे नाही. संघराज्याच्या इमिग्रेशन कायद्यात दोषसिद्धीची व्याख्या वेगळी आहे. गुन्हा कबूल केला किंवा ‘नो कॉन्टेस्ट’ म्हटले आणि त्यासोबत कोणतीही शिक्षा वा बंधन आले, तर राज्याने पुढे खटला काढून टाकला तरी ती दोषसिद्धी धरली जाऊ शकते. म्हणून वकिलाला पहिला प्रश्न हाच विचारा की, कबुली न देता, आधी वर्ग पूर्ण करून सरकारी वकिलाकडून प्रकरण मागे घेता येईल का. त्या विद्यार्थ्याच्या बाबतीत ते जमले.

तरीही धीर सोडू नका. नुसता पेला हातात असणे एवढ्यावर सहसा कोणाला देशाबाहेर काढत नाहीत. खरा धोका दोन गोष्टींत आहे आणि त्यांबद्दल मुलाला स्पष्ट विचारा. पहिली, बनावट ओळखपत्र. उदाहरणार्थ, फ्लोरिडात बनावट वाहन परवाना बाळगणे हा ५ वर्षांपर्यंत शिक्षेचा गंभीर गुन्हा आहे, आणि फसवणूक म्हटली की इमिग्रेशन अधिकारी ते अतिशय वाईट धरतात. दुसरी, गाडी. १९९५ च्या संघीय कायद्याने २१ वर्षांखालील चालकासाठी रक्तातील अल्कोहोलची मर्यादा ०.०२ टक्के किंवा त्याहून कमी ठेवण्यास राज्यांना भाग पाडले, आणि टेक्सासमध्ये तर कोणतेही आढळण्याइतके प्रमाण पुरते. शिवाय दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली तरी निकालाआधीच व्हिसा रद्द होऊ शकतो. सहसा शिक्षण तिथे चालू राहते, पण सुटीत घरी आल्यावर परतण्यासाठी नवा व्हिसा आणि बहुधा वैद्यकीय तपासणी यातून जावे लागते.

दुसऱ्या राज्यातल्या मित्राचा सल्ला मात्र मुळीच मानू नका. दारूसाठी २१ वर्षांची वयोमर्यादा आणणारा १९८४ चा संघीय कायदा फक्त खरेदी आणि सार्वजनिक ठिकाणी बाळगणे याबद्दल बोलतो, तोही राज्यांचा महामार्ग निधी कापण्याच्या धाकाने. बाकीचे राज्यांवर सोडले आहे. न्यूयॉर्कमध्ये ५० डॉलरपर्यंत दंड आणि फौजदारी नोंद नाही, कॅलिफोर्नियात २५० डॉलर आणि फौजदारी गुन्हा, तर विस्कॉन्सिनमध्ये पालक सोबत असतील तर पिण्याची मुभा.

विद्यापीठाची शिस्तपालन चौकशी वेगळी चालते. तिथे लेखी काही देण्याआधीही वकिलाला दाखवावे. मुलाने आपण होऊन आपल्याला सांगितले, हे मला फार मोलाचे वाटते. त्याला आत्ता रागावू नका.

आणि निकाल काहीही लागो, न्यायालयाच्या शिक्क्याची निकालाची प्रत मागून घ्या. एकच दोषसिद्धी असेल, तर २१ वर्षे पूर्ण झाल्यावर टेक्सासमध्ये नोंद पुसण्यासाठी अर्ज करता येतो, पण व्हिसाच्या अर्जात अटक वा दोषसिद्धीविषयीचा प्रश्न त्यानंतरही येतोच, आणि पुसलेल्या नोंदीची प्रत मग न्यायालयातून मिळत नाही. म्हणून नोंद पुसण्याआधी दोन-तीन प्रती काढून पासपोर्टसोबत ठेवून द्या.