ओपन सोर्स ईमेल सॉफ्टवेअरमधला जुना एन्क्रिप्शन कोड सरळ काढून नवी लायब्ररी बसवली तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की ओपनपीजीपीचा (मेल एन्क्रिप्ट करायच्या खुल्या मानकाचा) पंधरा-वीस वर्षं जुना कोड काढून तिथे तयार लायब्ररी लावायची आहे. लावाच. पण त्याआधी मेल पाठवणं आणि मेल वाचणं ही दोन कामं कोडमध्ये वेगळी करा.

पाठवताना दयामाया नको. ओपनपीजीपीचे नियम सांगणाऱ्या २००७ च्या आरएफसी ४८८० या दस्तऐवजात ट्रिपल-डीईएस ही एन्क्रिप्शनची पद्धत सक्तीची होती. जुलै २०२४ च्या आरएफसी ९५८० ने आयडिया आणि कास्ट५ या जुन्या पद्धतींबरोबर तिलाही नव्या एन्क्रिप्शनसाठी बंदी घातली. जुने मेल वाचायची मुभा मात्र ठेवली. मी हे काम केलं तेव्हा कास्ट५ पार पुसून टाकलं होतं. थोड्याच दिवसांत एकाने कळवलं की त्याचे २००४ चे मेल उघडत नाहीत. किल्ली त्याच्याकडे होती, पासफ्रेझ (किल्लीचा पासवर्ड) आठवत होता, अडवत होता तो माझा कोड. मला फार वाईट वाटलं आणि वाचण्यापुरतं कास्ट५ परत आणलं.

वाचतानाही सगळं निमूट उघडायचं नाही. ओपनपीजीपीत एन्क्रिप्ट केलेला मजकूर क्रमांक दिलेल्या पॅकेटमध्ये असतो; जुन्या ९ क्रमांकाच्या पॅकेटमध्ये मजकुरात फेरफार झालाय का हे तपासायची सोयच नाही. २०१८ च्या ईफेल हल्ल्याने हीच फट दाखवली: वाटेत मेल बदलून त्यात चित्राचा एचटीएमएल टॅग घुसवायचा, आणि चित्र आणायला गेलेलं सॉफ्टवेअर उलगडलेला मजकूर चित्राच्या पत्त्यासोबत हल्लेखोराकडे पोचवतं. म्हणून असा मेल आपणहून उघडू नका. वापरकर्त्याने मागितला तरच, स्पष्ट इशारा देऊन, साध्या मजकुरात दाखवा.

फेरफार पकडला जातो का याची चाचणी सोपी आहे. फेरफार तपासायची सोय असलेल्या १८ क्रमांकाच्या पॅकेटचा एक मेल घ्या, हेक्स एडिटरमध्ये (फाइलमधले बाइट थेट बदलता येणाऱ्या साधनात) मधला एक बाइट बदला आणि उघडा. नव्या कोडने एक अक्षरही न दाखवता तो नाकारला पाहिजे. माझ्या पहिल्या प्रयत्नात चूक सापडली खरी, पण तोवर अर्धा मजकूर पडद्यावर आला होता, कारण मी तपासणी संपायची वाट न बघता तुकडे पुढे ढकलत होतो.

लायब्ररी निवडताना लायसन्स आधी बघा. थंडरबर्ड या ईमेल सॉफ्टवेअरने २०२० मध्ये ७८ व्या आवृत्तीत एनिगमेल या ओपनपीजीपीच्या ॲड-ऑनची जागा स्वतःच्या अंगभूत सोयीने भरली, तेव्हा लायसन्स जुळत नसल्यामुळे जीएनयूपीजी हे ओपनपीजीपीचं सॉफ्टवेअर सोबत देता येईना, म्हणून आरएनपी ही लायब्ररी घेतली. त्याच थंडरबर्डमध्ये ७८.८.१ ते ७८.१०.१ या आवृत्त्यांत आयात केलेल्या खासगी किल्ल्या डिस्कवर संरक्षणाशिवाय साठत होत्या, ७८.१०.२ मध्ये ते दुरुस्त झालं. वापरताना सगळं ठीकच दिसतं, म्हणून अशी चूक सहज नजरेतून सुटते. तेव्हा किल्ली आयात करून सॉफ्टवेअर बंद करा, डिस्कवरची फाइल दुसऱ्या साधनाने उघडा आणि पासफ्रेझ मागितला जातो का ते बघा. ही तपासणी प्रत्येक आवृत्तीआधी आपोआप चालेल असं करून ठेवा.