विभाजक शोधताना थांबायचं कुठे?

गणिताच्या पानासाठी या वेळी आलेले बहुतेक प्रश्न विभाजकांचे आहेत. भागाकार सगळ्यांना येतो. अडतं ते कुठून सुरुवात करायची आणि कुठे थांबायचं इथे.

प्रश्न : ७५६ चे सगळे विभाजक काढायचे आहेत. माझी मुलगी १ पासून निम्म्यापर्यंत, म्हणजे ३७८ पर्यंत एकेका संख्येने भाग देऊन पाहते. एवढं करावंच लागतं का?

उत्तर : तिची पद्धत बरोबर आहे, पण ती गरजेच्या चौदापट काम करते आहे. २७ पर्यंत पाहिलं की पुरे. विभाजक जोडीने सापडतात. ४ ने भाग गेला आणि १८९ आले, की १८९ हाही विभाजक झाला. जोडीतल्या दोन्ही संख्या वर्गमूळापेक्षा मोठ्या असूच शकत नाहीत, कारण मग त्यांचा गुणाकार दिलेल्या संख्येच्या पुढे जाईल. २७ × २७ = ७२९ आणि २८ × २८ = ७८४, म्हणून ७५६ साठी सीमा २७.

वहीत दोन रकाने आखा. डावीकडचा विभाजक वाढत जातो, उजवीकडचा त्याचा जोडीदार उतरत येतो : १ × ७५६, २ × ३७८, ३ × २५२, ४ × १८९, ६ × १२६, ७ × १०८, ९ × ८४, १२ × ६३, १४ × ५४, १८ × ४२, २१ × ३६, २७ × २८. बारा जोड्या, चोवीस विभाजक. शेवटची जोडी हमखास राहून जाते, कारण २१ नंतर सलग पाच संख्यांनी भाग जात नाही आणि संपलं असं वाटतं. रकाने एकमेकांना भेटेपर्यंत लेखणी खाली ठेवायची नाही.

या २७ संख्यांनीही प्रत्यक्ष भाग द्यावा लागत नाही. ५ ने भाग जात नाही हे दिसलं की १०, १५, २०, २५ वर लगेच काट मारा. ८ ने जात नाही, तर १६ आणि २४ गेले. ११ आणि १३ ने जात नाही, तर २२ आणि २६ गेले.

प्रश्न : मूळ अवयव पाडता येतात, ७५६ = २ × २ × ३ × ३ × ३ × ७. पण त्यांवरून सगळे विभाजक लिहिताना एखाद-दुसरा निसटतोच. खात्री कशी करायची?

उत्तर : निसटतो, कारण अवयव मनाला येतील तसे जुळवले जातात. एका वेळी एकच मूळ संख्या हाती घ्या. आधी ३ चे घात : १, ३, ९, २७. ही ओळ २ ने गुणा : २, ६, १८, ५४. पहिली ओळ ४ ने गुणा : ४, १२, ३६, १०८. आता या तिन्ही ओळी ७ ने गुणून खाली लिहा : ७, २१, ६३, १८९; १४, ४२, १२६, ३७८; २८, ८४, २५२, ७५६. यात कोणी राहत नाही आणि कोणी दोनदा येत नाही.

पडताळा दोन प्रकारे घ्या. एक, प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार करा. घातांक २, ३ आणि १ आहेत, म्हणून ३ × ४ × २ = २४. हा १ का मिळवायचा? ती मूळ संख्या एकदाही न घेणं हाही एक पर्याय असतो म्हणून. तो विसरलात तर २ × ३ × १ = ६ येईल, म्हणजे फक्त ज्यांत २, ३, ७ तिन्ही आहेत असे विभाजक मोजले जातील.

मात्र एक विभाजक राहिला आणि त्याच्या जागी एक चुकीचा लिहिला गेला, तर मोजणी तरीही २४ भरते. ती चूक बेरजेत पकडता येते. (१ + २ + ४) × (१ + ३ + ९ + २७) × (१ + ७) = ७ × ४० × ८ = २२४०. चोवीस विभाजकांची बेरीज इतकीच यायला हवी. आमच्या मते ही बेरीज प्रत्येकाने करून पाहावी. दोन मिनिटांचं काम आहे.

प्रश्न : विभाजकांची संख्या विषम येऊ शकते का?

उत्तर : पूर्ण वर्ग असेल तरच, आणि तेव्हा विषमच येते. ३६ मध्ये ६ चा जोडीदार ६ च असतो आणि तो एकदाच मोजायचा असतो, म्हणून ९ विभाजक.

प्रश्न : ६ ची कसोटी २ आणि ३ वरून होते, १२ ची ३ आणि ४ वरून. मग २४ साठी ४ आणि ६ तपासले तर माझं उत्तर का चुकलं?

उत्तर : ३६ घेऊन पाहा. ४ ने भाग जातो, ६ नेही जातो, २४ ने मात्र जात नाही. ४ आणि ६ यांच्यात २ हा अवयव सामाईक आहे, त्यामुळे दोन्ही कसोट्या मिळून फक्त त्यांच्या लसाविची, म्हणजे १२ ची हमी देतात. कसोट्या जोडायच्या असतील तर त्या दोन संख्या सहमूळ, म्हणजे १ सोडून सामाईक अवयव नसलेल्या, हव्यात. २४ साठी ३ आणि ८ घ्या, १८ साठी २ आणि ९, ४५ साठी ५ आणि ९.

अशीच गफलत अंकांच्या बेरजेच्या नियमातही होते. तो ३ आणि ९ पुरताच आहे, पुढे २७ ला लावू नका. १८९९ च्या अंकांची बेरीज २७ आहे, पण १८९९ = ९ × २११, आणि २७ ने भाग जात नाही.

प्रश्न : ७, ११ आणि १३ साठी लक्षात राहील अशी एकच कसोटी आहे का?

उत्तर : आहे, आणि ती फार उपयोगी आहे. ७ × ११ × १३ = १००१. म्हणून उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा आणि आलटून-पालटून वजा-अधिक करा. ६८७८३ चे गट ६८ आणि ७८३. ७८३ − ६८ = ७१५. आता मोठी संख्या बाजूला ठेवून ७१५ तपासा : ७१५ = ५ × ११ × १३. म्हणजे ६८७८३ ला ११ आणि १३ ने भाग जातो, ७ ने जात नाही. इथला ५ मात्र ६८७८३ चा अवयव नाही. ही कसोटी फक्त १००१ च्या अवयवांबद्दल बोलते.

पुढचा टप्पा बरेच जण गाळतात. ६८७८३ ÷ ११ = ६२५३, ६२५३ ÷ १३ = ४८१. आता १३ झाले असं समजून १७ कडे वळू नका, ४८१ ला पुन्हा १३ ने भागा : ३७. तर ६८७८३ = ११ × १३ × १३ × ३७. एखाद्या मूळ संख्येने भाग गेला, की तो जाईनासा होईपर्यंत तिलाच धरून राहायचं.

प्रश्न : ४७१७ मूळ आहे का हे ठरवताना २ पासून ४७ पर्यंत सगळ्या मूळ संख्या झाल्या, भाग जात नाही. सोडून द्यावं का?

उत्तर : नका सोडू. ४७१७ चं वर्गमूळ ६८ आणि ६९ च्या मध्ये आहे. ५३, ५९, ६१, ६७ राहिल्या आहेत, आणि ५३ ने भाग जातो : ५३ × ८९. वर्गमूळाची सीमा गाठण्याआधी संख्या मूळ आहे असा निर्णय देता येत नाही.

अशा ठिकाणी फ्रेंच गणिती फर्मा यांची रीत वापरून पाहा. वर्गमूळाच्या लगेच वरच्या संख्येपासून वर्ग घ्यायचे आणि त्यातून दिलेली संख्या वजा करायची, वजाबाकीही पूर्ण वर्ग येईपर्यंत. ६९ चा वर्ग ४७६१, वजाबाकी ४४, वर्ग नाही. ७० चा ४९००, वजाबाकी १८३, वर्ग नाही. ७१ चा ५०४१, वजाबाकी ३२४, म्हणजे १८ चा वर्ग. म्हणून ७१ − १८ = ५३ आणि ७१ + १८ = ८९. खरं तर ७० तपासायची गरजच नव्हती : विषम संख्येला ४ ने भागून बाकी १ उरली तर विषम संख्यांचेच वर्ग घ्यायचे, ३ उरली तर समच.

फर्मा यांनी याच रीतीने १६४३ च्या सुमारास २०२७६५१२८१ चे अवयव ४४०२१ आणि ४६०६१ काढले. ४५०३० पासून निघून बाराव्या वर्गाला, ४५०४१ ला, उत्तर मिळतं.

पण अवयव जवळजवळ असले तरच ही रीत झपाट्याने चालते. शेजारचीच संख्या ४७१३ घ्या. ती ३ × १५७१ आहे. इथे वर्ग घेत ७८७ पर्यंत चढावं लागेल, आणि ३ ची कसोटी मात्र क्षणात उत्तर देते. म्हणून आधी लहान मूळ संख्यांनी भागून घ्या, फर्मा त्यानंतर.

प्रश्न : मूळ अवयव काढणारा छोटा प्रोग्राम लिहिला. काही संख्यांचा शेवटचा अवयव छापला जात नाही, आणि २१४७४८३६४७ दिली की तो थांबतच नाही.

उत्तर : दोन वेगळ्या चुका आहेत. पहिली : ७५६ मधून २ आणि ३ काढून टाकल्यावर ७ उरतात. पुढचा भाजक कोणताही असो, त्याचा वर्ग ७ पेक्षा मोठा, म्हणून फेरा (लूप) थांबतो आणि ७ तसेच राहतात. फेरा संपल्यावर १ पेक्षा मोठी संख्या उरली असेल तर ती मूळच असते. ती वेगळी छापा. उरलेली संख्या लहान होत जाते तशी सीमाही दर वेळी नव्याने ठरवा, पहिल्याच संख्येचं वर्गमूळ धरून बसू नका.

दुसरी : २१४७४८३६४७ ही ३२ बिटच्या चिन्हांकित (धन-ऋण दोन्ही ठेवणाऱ्या) पूर्णांकात मावणारी सर्वांत मोठी संख्या आहे, आणि ती मूळही आहे. भाजकाचा वर्ग करून तुलना करत असाल तर ४६३४० पर्यंत ठीक चालतं; ४६३४१ चा वर्ग त्या जागेत मावत नाही, बऱ्याचदा ऋण होतो, आणि थांबण्याची अट कधीच पुरी होत नाही. वर्ग करण्याऐवजी संख्येला भाजकाने भागा आणि भागाकार भाजकापेक्षा लहान झाला की थांबा. हेच काम स्प्रेडशीटमध्ये करत असाल तर पंधराहून अधिक अंकांची संख्या देऊ नका, कारण नेहमीच्या स्प्रेडशीटमध्ये त्यापुढचे अंक शून्य होतात आणि अवयव भलत्याच संख्येचे निघतात.

बारा अंकी संख्येला या पद्धतीने फार तर १० लाख भाजक तपासावे लागतात, संगणक ते चटकन उरकतो. वीस अंकी संख्येला तेच १००० कोटींपर्यंत जातं, तिथून पुढे दुसऱ्या रीती लागतात.