पक्ष गेला, पावत्या राहिल्या

निवडणुकीचा विषय निघाला की बडोद्यातून तेच ते प्रश्न येतात. पुन्हा एकदा उत्तरे देतो.

प्रश्न : केशुबापांची (माजी मुख्यमंत्री केशुभाई पटेलांची) गुजरात परिवर्तन पार्टी अजून आहे ना? मामा म्हणतात, आहे.
नाही. ऑगस्ट २०१२मध्ये निघाली, फेब्रुवारी २०१४मध्ये भाजपात विलीन झाली. मामांना सांगा.

प्रश्न : 'खजुरिया' म्हणतात ते याच पक्षाचे लोक का?
नव्हे. १९९५च्या भाजपमधल्या बंडात जे आमदार शंकरसिंह वाघेलांबरोबर खजुराहोला गेले ते खजुरिया; केशुभाईंबरोबर राहिले ते हजुरिया. वाघेलांचा राष्ट्रीय जनता पक्ष १९९८मध्ये चार जागांवर आटोपला आणि काँग्रेसमध्ये गेला.

प्रश्न : दोन आमदार येऊनही परिवर्तन पार्टीला राज्य पक्षाची मान्यता का नव्हती?
दोन जागांच्या जोडीला सहा टक्के मते लागतात. त्यांना चार टक्केही नव्हती. बाकीचे निकष निवडणूक आयोगाच्या चिन्ह आदेशात (पक्षांची मान्यता आणि चिन्हे ठरवणाऱ्या नियमांत) वाचा.

प्रश्न : दांडिया बाजारातला एक एजंट म्हणतो, छोट्या पक्षाला एक लाखाची देणगी दाखवा, कमिशन कापून बाकी रोख परत, वर ८०जीजीसीची (राजकीय पक्षाला दिलेल्या देणगीवरची) प्राप्तिकरातली सूट. साडू दरवर्षी करतो. करू का?
अजिबात नको! मार्च आला की हे एजंट पावतीपुस्तके घेऊन फिरतात. पावतीवर पक्षाचे नाव भारदस्त, खाली शिक्का, कोपऱ्यात पॅन. पक्षाने निवडणूक कधी लढवली ते कोणी विचारत नाही. सहा वर्षांत एकही निवडणूक न लढवलेले आठशेवर पक्ष आयोगाने २०२५मध्ये यादीतून काढले, ते उगाच नव्हे. सूट खऱ्या देणगीला आहे, तीही नोंदणीकृत पक्षाला, रोखीने नव्हे, आणि जुनी करप्रणाली निवडली असेल तरच. पैसे फिरून तुमच्याच खिशात आले की ती देणगी उरतच नाही. चेकने दिले म्हणून वाचाल, हा भ्रम सोडा. पक्षाच्या खात्यातून पैसे कुठे गेले हे प्राप्तिकर खाते बघते. मग कर, व्याज आणि दंड तुम्ही भरायचा, एजंटाचा फोन बंद. साडूला नोटीस आलेली नाही, एवढाच त्याचा पुरावा! खरोखर द्यायचे असेल तर आयोगाच्या संकेतस्थळावर पक्ष तपासा आणि आधी सीएला विचारा.

प्रश्न : अशाच पावतीवरून नोटीस आली आहे. दिवाळीनंतर बघितले तर चालेल?
नाही. उत्तराची मुदत नोटिशीतच असते. ती वाचा आणि आजच सीएकडे जा. एजंटाने सुचवलेल्या सीएकडे नव्हे.