वाचकांचे प्रश्न : आमदारांचा कार्यअहवाल कसा वाचावा?

अर्थसंकल्पीय अधिवेशन आटोपले की बरेच आमदार आपल्या मतदारसंघात कार्यअहवाल वाटतात किंवा मेळाव्यात निधीची आणि प्रस्तावित कायद्यांची माहिती देतात. या अहवालांविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आमच्या गावचा रस्ता आणि ओढ्यावरचा पूल यांसाठी निधी मंजूर झाल्याचे आमदारांच्या अहवालात सलग दुसऱ्या वर्षी छापून आले आहे. वेशीवर फलकही लागला, परंतु अद्याप खडीचा एक ढीगही पडलेला नाही. अहवाल खोटा समजावा काय? (सांगली जिल्ह्यातील एक वाचक)

उत्तर : खोटा असेलच असे नाही, तो अर्धवट असण्याची शक्यता अधिक आहे. आमदार काम सुचवतात तेथपासून ठेकेदाराचे देयक अदा होईपर्यंत बरेच टप्पे असतात आणि त्यांपैकी कोणताही एक टप्पा ओलांडला की निधी आणल्याचा फलक लावता येतो. काम अर्थसंकल्पाच्या पुस्तकात समाविष्ट होणे ही केवळ सुरुवात असते. तेथेही कामाची एकूण किंमत आणि त्या वर्षासाठीची तरतूद हे दोन वेगळे आकडे असतात. समजा, पुलाची किंमत १० कोटी रुपये आहे आणि चालू वर्षासाठी तरतूद ५० लाखांचीच आहे, तर अहवालात बहुधा १० कोटी छापले जातात. त्यानंतर प्रशासकीय मान्यता (कामाला व खर्चाला मंजुरी), तांत्रिक मान्यता (आराखडा व अंदाजपत्रकाला मंजुरी), निविदा आणि कार्यारंभ आदेश असा क्रम लागतो. तरतूद झाली म्हणजे ती रक्कम कार्यालयाच्या हाती आली असेही नसते, कारण वित्त विभाग निधी टप्प्याटप्प्याने वितरित करतो आणि पुष्कळदा त्याचा मोठा भाग मार्चअखेरच्या धावपळीत येतो.

एकच काम दोनदा छापले जाण्याचे कारणही यातच सापडते. मार्चच्या अर्थसंकल्पात न बसलेली, किंवा अपुऱ्या तरतुदीची, कामे पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनांतील पुरवणी मागण्यांमधून, म्हणजे अर्थसंकल्पानंतर जादा निधीसाठी केलेल्या मागण्यांमधून, पुढे रेटली जातात. या मागण्या आता किरकोळ राहिलेल्या नाहीत. २०२४ साली २८ जून रोजी अर्थसंकल्प मांडला गेला आणि जेमतेम पंधरवड्यात ९४,८८९ कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या सभागृहात आल्या. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात त्या ५७,५०९ कोटींच्या होत्या. पुरवणी मागण्यांची सोय संविधानाच्या अनुच्छेद २०५ मध्ये आहे आणि ती आवश्यकही आहे. तथापि, अर्थसंकल्पाची शाई वाळण्याआधी इतकी रक्कम पुन्हा मागावी लागत असेल, तर मूळ अंदाज कितपत गांभीर्याने केला होता अशी शंका घेण्यास जागा आहे.

आपण आमदारांना तीन गोष्टी लेखी विचाराव्यात : काम कोणत्या लेखाशीर्षाखाली (सरकारी हिशेबातील खर्चाच्या सांकेतिक क्रमांकाखाली) आहे, त्याच्या शासन निर्णयाची तारीख कोणती आणि चालू वर्षात प्रत्यक्ष वितरित झालेली रक्कम किती. लेखाशीर्ष कळले की पुढचा माग काढणे सोपे जाते. ५०५४ म्हणजे रस्ते व पूल यांवरील भांडवली खर्च, ३०५४ म्हणजे त्यांची देखभाल-दुरुस्ती, तर २५१५ म्हणजे ग्रामविकास विभागाकडून होणारी गावांतर्गत रस्ते, गटारे, सभामंडप यांसारखी कामे. पंचायत समितीच्या आवारात हे आकडे सर्वांच्या तोंडी असतात. मतदारांनाही ते ठाऊक असायला हरकत नाही. शासन निर्णय राज्य शासनाच्या संकेतस्थळावर मिळतात आणि वित्त विभागाच्या 'बीम्स' प्रणालीवर तरतूद, वितरण व खर्च यांची तुलना करता येते. एकट्या कामाचा तपशील मात्र सार्वजनिक बांधकाम विभागाच्या उपविभागीय कार्यालयात किंवा, कामाची यंत्रणा जिल्हा परिषद असल्यास, तेथील बांधकाम विभागात मागावा लागेल. तोंडी उत्तर मिळाले नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच.

प्रश्न : आमदार निधी वर्षाला किती असतो आणि आमदार तो स्वतः खर्च करतात का? (लातूर येथील एक वाचक)

उत्तर : २०२२ साली हा निधी प्रत्येक आमदारासाठी वर्षाला ५ कोटी रुपये करण्यात आला. तो आमदारांच्या हाती येत नाही. ते कामांची शिफारस करतात, मान्यता जिल्हाधिकारी देतात आणि काम शासकीय यंत्रणा करते. विधानसभेचे २८८ आणि विधान परिषदेचे ७८ अशा सर्व सदस्यांचा निधी एकत्र केला, तरी तो १,८३० कोटी होतो. २०२५-२६ चा राज्याचा अर्थसंकल्प ७ लाख कोटींचा होता आणि जिल्हा वार्षिक योजनांसाठीच त्यात २०,१६५ कोटींची तरतूद होती. जिल्हा वार्षिक योजनेवर पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समितीचे नियंत्रण असते. तेव्हा अहवालातील कामांची यादी लांबलचक दिसली, तर त्यांतील किती कामे आमदार निधीतली, किती जिल्हा योजनेतली आणि किती जलजीवन मिशनसारख्या केंद्राच्या योजनांतली, असे वर्गीकरण आवर्जून मागावे.

प्रश्न : आमचे आमदार विरोधी पक्षाचे आहेत. सरकार निधी देत नाही, असे ते प्रत्येक सभेत सांगतात. ते अर्थसंकल्पात काहीच बदल करू शकत नाहीत का? (अकोला येथील एक वाचक)

उत्तर : वाढ करू शकत नाहीत. अनुच्छेद २०३ नुसार अनुदानाची मागणी राज्यपालांच्या शिफारशीवाचून, म्हणजे व्यवहारात सरकारच्या इच्छेवाचून, मांडता येत नाही. विधानसभा ती मान्य करू शकते, नाकारू शकते किंवा कमी करू शकते. विधान परिषदेला तर मागण्यांवर मतदानाचा अधिकारच नाही. कर्जावरील व्याजासारख्या प्रभारित खर्चावर चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज यांतच महसुली जमेचा निम्म्याहून अधिक भाग जातो, त्यामुळे हलवाहलवीला जागा मुळातच थोडी उरते. १० मार्च २०२५ रोजी तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी मांडलेल्या अर्थसंकल्पात महसुली तूट (दैनंदिन खर्च महसुली जमेपेक्षा जितका जास्त ती रक्कम) ४५,८९१ कोटी आणि राजकोषीय तूट (कर्जाने भरून काढावी लागणारी एकूण तूट) १,३६,२३५ कोटी दाखवलेली होती, तर लाडकी बहीण या एकाच योजनेसाठी ३६,००० कोटी ठेवलेले होते.

निधीवाटपात पक्षभेद होतो, ही आपल्या आमदारांची तक्रार निराधार म्हणता येणार नाही. सत्ता बदलली की तक्रार करणारे तेवढे बदलतात. परंतु निधी मिळत नाही म्हणून आमदाराचे काम थांबत नाही. कपात सूचना (मागणीतील रक्कम कमी करण्याचा प्रस्ताव) देऊन विभागाला धारेवर धरणे, तारांकित प्रश्न (मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे प्रश्न) विचारणे, लक्षवेधी सूचना मांडणे आणि अर्धा तास चर्चा मागणे यांसाठी सत्तापक्षात असण्याची अट नाही. शिवाय लोकलेखा समितीचे अध्यक्षपद संकेताने विरोधी पक्षाकडे जाते आणि मागील वर्षांचा खर्च तेथे तपासला जातो. आपल्या आमदारांनी अकोल्यातील कोणते प्रश्न मांडले आणि मंत्र्यांनी काय आश्वासन दिले, हे विधानमंडळाच्या छापील कार्यवाहीत सापडते. आश्वासन दिलेले असेल, तर ते पाळले गेले की नाही हे पाहणारी आश्वासन समितीही आहे. मला विचाराल तर विरोधी आमदाराचा अहवाल या पानांवरून जोखावा.

प्रश्न : "पुढील अधिवेशनात मी विधेयक आणणार आहे", असे आमच्या आमदारांनी जाहीर केले आहे. त्याचा कायदा होईल का? (ठाणे येथील एक वाचक)

उत्तर : मंत्री नसलेल्या सदस्याचे विधेयक अशासकीय ठरते. ते संमत होणे फार दुर्मीळ असते. बहुधा मंत्री आश्वासन देतात आणि सदस्य विधेयक मागे घेतात. तरीही ते व्यर्थ समजू नये, कारण सरकारला त्या विषयावर नोंदीवर भूमिका घ्यावी लागते. कल्पना टिकाऊ असली तर ती सरकारी मार्गाने कायद्यात येते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमीचा पहिला प्रयोग १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातील विसापूर येथे झाला, तिच्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कराची तजवीज झाली आणि १९७७ मध्ये कायदा झाला. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते, हे खरे. पण पैसा कोठून येणार याचे उत्तर कायद्याआधी तयार होते, हे अधिक महत्त्वाचे. आपल्या आमदारांना विधेयकाचा मसुदा दाखवा असे सांगावे आणि त्याचा खर्च कोणत्या उत्पन्नातून भागणार, हेही विचारावे.

सरकारी विधेयकांबाबत मतदारांना वाव मिळतो तो समितीच्या टप्प्यावर. कडव्या डाव्या संघटनांच्या बेकायदा कारवायांना आळा घालण्यासाठी म्हणून आणलेले विशेष जनसुरक्षा विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले, तेव्हा समितीकडे १२,००० हून अधिक सूचना व हरकती आल्या. जुलै २०२५ मध्ये विधेयक संमत होताना समितीने सुचवलेले काही बदल त्यात होते आणि ते पुरेसे नाहीत असे मानणारेही अनेक होते. आपल्या आमदारांना ज्या विषयात रस आहे, त्यावरील एखादे विधेयक समितीसमोर असल्यास मुदतीत लेखी सूचना पाठवावी आणि तिची प्रत आमदारांनाही द्यावी.