मताची किंमत कोण भरणार?

बेळगाव

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. १ नोव्हेंबर जवळ येत आहे, मालिकेमुळे तुझा चेहरा आता घरोघरी ओळखीचा झाला आहे, आणि बेळगाव कर्नाटकात गेल्याच्या निषेधार्थ आपण त्या दिवशी जो काळा दिन पाळतो त्याविषयी, खानापूर तालुक्यातली मुलगी म्हणून, तू काहीतरी जाहीर लिहावेस अशी गावाकडच्या मित्रमैत्रिणींची अपेक्षा आहे. तिकडे वाहिनीतल्या लोकांनी मात्र कलाकाराने आपली मते आपल्यापाशी ठेवावीत, असे तुला बजावले आहे. कोणाचे ऐकावे, असे तू विचारतेस. दोघांपैकी कोणाचेही पूर्णपणे ऐकू नये असे मला वाटते, आणि ते का, हे सविस्तर लिहिते.

कलाकाराने बोलूच नये हे मला मान्य नाही. अभिव्यक्तीचा अधिकार राज्यघटनेने प्रत्येक नागरिकाला दिला आहे, आणि प्रसिद्धी मिळाली म्हणून कोणाचे नागरिकत्व कमी होत नाही. शिवाय हा उपदेश करणाऱ्यांचे वागणे नीट पाहा. एखादा अभिनेता सत्तेतल्या माणसाचे कौतुक करतो तेव्हा 'तू आपली भूमिका कर, राजकारणात पडू नकोस' असे त्याला कोणी सांगत नाही. मत अडचणीचे असले की मगच कलाकाराला त्याची मर्यादा दाखवून दिली जाते. आपल्या भाषेत तर लेखक-कलावंतांनी बोलण्याची फार मोठी परंपरा आहे. आणीबाणीच्या काळात, १९७५ साली, कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावर दुर्गाबाई भागवत होत्या आणि स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. त्या व्यासपीठावर दुर्गाबाई लेखनस्वातंत्र्याच्या बाजूने उभ्या राहिल्या, पुढे त्यांना अटक झाली, आणि त्यानंतर सरकारी सन्मान घेण्याचे त्यांनी कायमचे नाकारले. आपल्या बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात ज्यांनी एके काळी मराठी शिकवले ते पु. ल. देशपांडे १९७७ च्या निवडणुकीत गावोगावच्या प्रचारसभांतून बोलले. त्यांनी हसवावे एवढीच ज्यांची अपेक्षा होती त्या लोकांनी त्यांना त्या वेळी गंभीरपणे ऐकले, आणि निवडणूक संपल्यावर कोणतेही पद न घेता ते आपल्या कामाकडे परतले. डॉ. श्रीराम लागूंची निरीश्वरवादी भूमिका त्यांच्या कितीतरी प्रेक्षकांना पटणारी नव्हती. तरीही त्यांनी ती लपवली नाही, डॉ. नरेंद्र दाभोलकरांबरोबर वाद-संवादाचे जाहीर कार्यक्रम करून, समोरच्या माणसाला प्रश्न विचारू देऊन, त्यांनी ती मांडली.

या तिघांची मते चूक होती की बरोबर, याची चर्चा आज करायची नाही. त्यांच्यात मला जी समान गोष्ट दिसते ती अशी की त्यांच्या मताची किंमत मुख्यतः त्यांनी स्वतः भरली. तुरुंगात गेल्या त्या दुर्गाबाई. टीका ऐकली ती लागूंनी, आणि तीही समोरासमोर. तुझ्या प्रश्नाचा गाभा मला इथे सापडतो. कलाकाराने बोलावे की नाही याहून मला हा प्रश्न मोठा वाटतो की तो जे बोलणार आहे त्याची किंमत कोणाच्या खिशातून जाणार आहे. किंमत आपली असेल तर धैर्याने बोलावे. किंमत दुसऱ्याची असेल, तर त्या माणसाला विचारल्याशिवाय, निदान त्याचा विचार केल्याशिवाय, तोंड उघडू नये.

सीमाभागात वाढलेल्या माणसाला हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत बेळगाव तालुक्यातल्या गावांकडे जाणाऱ्या एका बसमध्ये मराठी की कन्नड यावरून कंडक्टरशी वाद झाला, त्याचे पर्यवसान मारहाणीत झाले, मग तिकडे चित्रदुर्गात महाराष्ट्राच्या एसटीच्या चालकाला काळे फासण्यात आले, आणि काही दिवस दोन्ही राज्यांमधल्या बसफेऱ्या थांबल्या. २०२२ च्या डिसेंबरातही हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यापाशी महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले होते. अशा दिवसांत मुंबईत किंवा बेंगळुरात बसून कोणीतरी नामवंत दोन आवेशपूर्ण ओळी लिहितो, त्याला हजारो लोक दाद देतात, आणि त्याचा दुसरा दिवस नेहमीसारखा उजाडतो. इथे मात्र निपाणीची आई मुलाला तपासणीसाठी कोल्हापूरला कसे न्यायचे या विवंचनेत असते, ट्रकचालक कोगनोळीच्या सीमानाक्याच्या अलीकडे गाडी उभी करून वाट पाहतो, आणि तुझ्या वर्गातली मुलगी कॉलेजला जाताना बसमध्ये कोणत्या भाषेत तिकीट मागावे याचा विचार करते. त्या दोन ओळींनीच दगड मारला असे मी म्हणत नाही. तो मारणाऱ्याची जबाबदारी त्याचीच असते. पण तापलेल्या दिवशी प्रसिद्ध माणसाचे वाक्य आपल्या हातात राहत नाही, आणि ज्यांच्या हातात ते पडते ती माणसे आपल्याला विचारून ते वापरत नाहीत.

कन्नड बाजूचे एक उदाहरण तुला मुद्दाम सांगते, कारण आपण ते क्वचितच शांतपणे पाहतो. १९८२ मध्ये कन्नड चित्रपटसृष्टीतले सर्वांत लोकप्रिय अभिनेते राजकुमार गोकाक चळवळीत उतरले. शिक्षणात कन्नडला अग्रस्थान द्यावे ही त्या चळवळीची मागणी होती. साहित्यिकांनी सुरू केलेली ती चळवळ राजकुमारांच्या सहभागाने लोकचळवळ झाली. कन्नड माणसासाठी हे त्यांच्या आयुष्यातले अतिशय आदराचे कार्य आहे, आणि ते का, हे मी समजू शकते. आपल्या भाषेला तिच्याच राज्यात मागे बसावे लागते ही वेदना आपल्याला परकी नाही. शिवाय राजकुमार स्वतः सभांमध्ये उभे राहिले, आपल्या लोकांसमोर बोलले. परंतु भाषेच्या सक्तीचे तेच वारे जेव्हा आपल्या भागात पोहोचले तेव्हा मराठी शाळांतली मुले, नोकरीतली माणसे आणि खेडोपाडीची कुटुंबे यांना त्याचा अर्थ वेगळा लागला. १९८६ च्या जून महिन्यात कन्नड सक्तीविरुद्धच्या आंदोलनात माणसे गोळीबारात गेली. हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकापाशी तू लहानपणी अभिवादनाला गेली आहेसच. राजकुमारांच्या मनात आपल्याविषयी वैर होते असे मला म्हणायचे नाही. लोकप्रिय आवाजाची ताकद त्याच्या धन्याच्या नजरेपलीकडेही काम करते, आणि जिथे नजर पोहोचत नाही तिथेही कोणाचे तरी घर असते, हे तुला दिसावे म्हणून हे लिहिले. तुझ्या लिहिण्याच्या बाबतीत त्या नजरेपलीकडे कोण आहे, याचा तू विचार करावास अशी माझी इच्छा आहे.

आता विषयाच्या ज्ञानाविषयी. सीमाप्रश्न काही ओळींच्या स्टोरीत मावत नाही. १९५६ ची राज्य पुनर्रचना, त्या वर्षीच्या जानेवारीतले हुतात्मे, १९६६ मध्ये नेमलेला महाजन आयोग, १९६७ च्या अहवालातली २६४ गावे महाराष्ट्राला देण्याची आणि बेळगाव कर्नाटकातच ठेवण्याची शिफारस, ती महाराष्ट्राने का नाकारली, ८६५ गावांवरचा दावा, आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेला खटला, एवढे तरी तुला न अडखळता सांगता आले पाहिजे. कर्नाटक महाजन अहवालाला अंतिम का मानते, हेही ज्याला त्यांच्या बाजूने मांडता येत नाही, त्याने आपली बाजू जाहीरपणे मांडण्याची घाई करू नये. वकील होण्याची अपेक्षा तुझ्याकडून कोणी करणार नाही. पण तुझ्या पोस्टखाली हुबळीचा एखादा विद्यार्थी सभ्यपणे प्रश्न विचारील, आणि त्याला उत्तर देता आले नाही तर तुझ्या वाक्याने ज्यांना बळ यायचे तीच माणसे उघडी पडतील.

शब्दही तुझे स्वतःचे असावेत. २०२१ च्या फेब्रुवारीत शेतकरी आंदोलनावर परदेशी गायिका रिहाना हिने काही लिहिल्यावर आपल्याकडच्या अनेक मोठ्या कलाकारांनी आणि क्रिकेटपटूंनी जवळजवळ एकाच वेळी, एकसारखे हॅशटॅग वापरून उत्तरे दिली. त्यांतल्या काहींचे ते मत प्रामाणिकही असेल. पण शब्द इतके सारखे होते की लोकांची चर्चा शेतकऱ्यांवरून त्या साम्यावर गेली, आणि आयुष्यभर कमावलेल्या विश्वासाला त्या एका संध्याकाळी धक्का बसला. तुला गावाकडून तयार मजकूर येईल, त्यावर काळी चौकट असेल, नकाशा असेल, घोषणा असेल. पाठवणारी माणसे तुझी आहेत, त्यांचा हेतू चांगला आहे, तरी तो जसाच्या तसा लावू नकोस.

कायद्याचे थोडक्यात सांगते. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या मजकुरासाठी अटक झाली, त्यावरून गेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ रद्द केले. नुसते अप्रिय मत हा गुन्हा नाही हे त्यामुळे पक्के झाले. परंतु भाषेच्या किंवा राहण्याच्या ठिकाणाच्या आधारावर दोन समूहांत वैर वाढवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा आहे, आणि आपल्याकडे गुन्हे दाखल व्हायला वेळ लागत नाही. वाहिनीशी झालेला करारही पुन्हा वाच. त्यात सार्वजनिक वर्तनाविषयी काही अटी असल्या तर त्या समजून घेऊन निर्णय घे, नुसत्या धास्तीने नको.

मैत्रिणींनी तुझ्यावर आणलेल्या दडपणाचेही मला वाईट वाटते. प्रत्येक प्रश्नावर मत द्यायला तू बांधील नाहीस. एखाद्या दिवशी तू गप्प राहिलीस म्हणून तुझे गावावरचे प्रेम कमी ठरत नाही, आणि असे मोजमाप लावणाऱ्यांना तू तसे स्पष्ट सांगू शकतेस. ज्या विषयात तुला गती नाही, मग तो औषधोपचाराचा असो की अर्थकारणाचा, तिथे गप्प राहणे हाच प्रामाणिकपणा. जाहिरातींच्या बाबतीत तर अधिकच जपून राहा, कारण पैसे घेऊन केलेली शिफारस प्रेक्षक तुझे मत म्हणूनच ऐकतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी शिफारस करणाऱ्यालाही दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

मुलगी असल्यामुळे तुला आणखी एक गोष्ट सोसावी लागेल. पुरुष कलाकाराच्या मतावर वाद होतो. स्त्रीच्या मतावर तिच्या शरीराविषयी, चारित्र्याविषयी आणि आईवडिलांविषयी लिहिले जाते. यामुळे तू बोलू नयेस असे मी कधीही म्हणणार नाही. तयारी मात्र ठेव. पहिले दोन-तीन दिवस प्रतिक्रिया स्वतः वाचू नकोस, विश्वासातल्या कोणाला तरी वाचायला सांग. धमकी आली तर तिची नोंद ठेवून तक्रार कर. तुझ्या मजकुरात तथ्याची चूक कोणी दाखवली तर ती उघडपणे दुरुस्त कर, पण गोंगाट झाला म्हणून मजकूर काढून टाकू नकोस. काढून टाकलेल्या मजकुराची चित्रे फिरतच राहतात, आणि मग त्यासोबत तुझे म्हणणे राहत नाही.

तर १ नोव्हेंबरला काय करावे? त्या दिवशी एकीकडे चन्नम्मा चौकात कर्नाटकच्या स्थापनेच्या राज्योत्सवाची गर्दी असते आणि दुसरीकडे आपली मूक सायकल फेरी निघते. फेरीतली माणसे परवानगी नसतानाही चालतात, आणि नंतर दाखल होणारे गुन्हे आपल्या नावावर घेतात. तुला त्या दिवसाविषयी काही म्हणायचेच असेल तर त्यांच्यासारखी येऊन त्या फेरीत चाल. चित्रीकरणामुळे येणे शक्य नसेल तर त्या दिवशी मुंबईहून काही लिहू नकोस. त्या संध्याकाळी दोन्हीकडची मने तापलेली असतात, आणि तुझे वाक्य कोणाच्याही हाती लागू शकते.

त्याऐवजी तुला जे स्वतःच्या अनुभवाने ठाऊक आहे त्यावर सवडीने लिही. तू मराठी प्राथमिक शाळेत शिकलीस. तुझ्या भागातल्या अशा शाळांमध्ये पट कसा घसरला, शिक्षक कसे कमी पडले, सरकारी कागद मराठीत मिळत नसल्यामुळे तुझ्या आजीला प्रत्येक परिपत्रक दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागते, हे तुझ्याइतक्या अधिकाराने दुसरे कोण लिहील? यामागे घटनेचा भक्कम आधारही आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे असे सांगणारे कलम ३५० अ आणि त्यांच्यासाठी विशेष अधिकारी नेमण्याची तरतूद करणारे ३५० ब ही दोन्ही कलमे १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आली, म्हणजे ज्या वर्षी आपण या राज्यात आलो त्याच वर्षी. ही मागणी बेळगाव कोणत्या राज्यात असावे याच्या निकालावर अवलंबून नाही. न्याय मानणारा कन्नड शेजारीही तिला पाठिंबा देऊ शकतो, कारण महाराष्ट्रातल्या कन्नड शाळांसाठी त्याला हेच हवे असते.

म्हणून जे लिहिशील ते मराठीबरोबर कन्नडमध्येही प्रसिद्ध कर. तुझी मालिका बेळगावातल्या कितीतरी कन्नड घरांत पाहिली जाते, आणि ती माणसे तुला परकी मानत नाहीत. सुळेभावीच्या कन्नड घरात जन्मलेल्या कुमार गंधर्वांना मराठी रसिकांनी आपले मानले, ते कोणाच्या सांगण्यावरून नव्हे. असा परस्परांचा विश्वास इथे जुना आहे, तो खर्च करण्यापूर्वी शंभरदा विचार कर. शक्य असेल तर लिहिण्याआधी बोल. हिवाळ्यात कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमानी इथे आपली साहित्य संमेलने होतात. त्यांपैकी एखाद्या मांडवात येऊन, लोकांचे प्रश्न घेऊन, तुझे म्हणणे मांड. दुसऱ्या दिवशी काही बरेवाईट झाले तर तू इथेच असशील, एवढे लोकांना दिसले पाहिजे.

मजकुराचा कच्चा खर्डा झाला की मला पाठव. कन्नड अनुवाद नीट तपासून देतील असे दोन शिक्षक माझ्या ओळखीचे आहेत. त्यांना मी विचारून ठेवते. संमेलनांच्या तारखा ठरल्या की कळवते, म्हणजे चित्रीकरणाची सुट्टी तुला वेळेत मागता येईल. आईबाबांना नमस्कार सांग.

तुझ्या,
बाई